बॅटरीची मोटर असताना हे तेलकट इंजिन कशाला?

सांगलीजवळ कवलापूरच्या बाजूला मोकळ्या माळावर मी दिसलो की कुणीतरी विचारतंच, काका, आता बॅटरीवरची एवढी भारी मॉडेल विमानं मिळतात, तुम्ही अजून हे तेलकट इंजिन काय फिरवत बसलाय? पोरं हसत विचारतात, बायको न हसता विचारते. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी मान्य करून टाकतो, उडवायला मोटरच बरी. ब्रशलेस (बिनब्रशची) मोटर आणि हलकी लिपो बॅटरी आल्यापासून रिमोटची स्टिक वर केली की पंखा फिरतो, कपड्याला तेल नाही, कॉलनीत भांडण नाही. नवशिक्याला मी इंजिन घे म्हणतच नाही.

पण माझं पाऊण सीसीचं डिझेल इंजिन एकदा हातात धरून बघा की. स्पार्क प्लग नाही, वायर नाही. डोक्यावर एक आडवी दांडी, ती पिळली की आतला वरचा पिस्टन खाली सरकतो आणि कॉम्प्रेशन वाढतं, बास. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारखे वाटे. एक्झॉस्टमधून दोन थेंब सोडायचे आणि पंख्याला बोटानं फटका, परत फटका, मग कधीतरी फुर्र करून बंद, मग परत, आणि मधेच उलटं फिरलं तर बोटावर असा दणका की नख काळंनिळं. पण एकदा धरलं की दांडी जराशी सैल, इंधनाची सुई थोडी आवळायची, आवाज चढत चढत एकदम स्वच्छ होतो, ते कानालाच कळतं.

माधवनगरच्या एका लेथवाल्याला मी या इंजिनचा पिस्टन दाखवलेला. वाटाण्याएवढा, आणि रिंग एकपण नाही. "रिंग नाही तर कॉम्प्रेशन धरतंय कसं ओ?" नुसता लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) लॅप करून, म्हणजे घासून घासून तंतोतंत बसवलाय म्हटल्यावर तो बराच वेळ बोटात फिरवत बसला, आणि शेवटी परत देत म्हणाला, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

ग्लो इंजिनं, म्हणजे ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर पेटणारी, त्याहून सोपी. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेननं ग्लो प्लग बाजारात आणला आणि विमानात ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी घेऊन उडायची गरज संपली. दीड व्होल्टच्या सेलनं तार लाल करायची, इंजिन लागलं की सेल काढायचा, पुढं मिथेनॉल आणि प्लॅटिनम मिळून तार तापती ठेवतात. तिथल्याच कॉक्स कंपनीचं १९५६ चं बेबी बी इंजिन तर ०.८ सीसीचं, तिकडं अख्ख्या पिढीनं त्याच्यावर बोटं भाजून घेतली. पुढं १९९६ मध्ये कॉक्स एस्टेस या मॉडेल रॉकेटवाल्या कंपनीकडं गेली.

आमच्याकडं या इंजिनांना मोटरनं मारलं ते मारलंच, पण इंधनानंही मारलं. ईथर कुठलाही केमिकलवाला सहज देत नाही, मिथेनॉल विषारी म्हणून त्याची वेगळीच कटकट, आणि रॉकेल रेशनवरही दिसेना. एरंडेल तेवढं राहिलं, ते गणपती पेठेत अजून मिळतं.

आणि एरंडेलाची पण गंमत आहे. इंजिन दोन वर्षं पडून राहिलं की आत गोंदासारखं घट्ट होतं, पंखा हलत नाही. गेल्या पावसाळ्यात माझं असंच धरलं होतं. जोर लावायचा नाही, कनेक्टिंग रॉड जातो. सुनेचा हेअर ड्रायर मागून घेतला, पाच मिनिटं गरम केलं, तोच जळका वास घरभर, ती स्वयंपाकघरातून ओरडली, काय जाळताय ओ बाबा? मी काही बोललो नाही, हळूच पंख्याला बोट लावलं आणि आतून 'पॉक' आलं.