तुम्ही विचारलंत म्हणून: मार्कडाउनचा तक्ता हाताने लिहायचा की एडिटरमध्ये?

जात्यावरच्या ओव्यांचा माझा संग्रह ज्यांनी संगणकावर पाहिलाय, त्यांच्यापैकी बरेच जण हे विचारतात. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात चिन्हं घालून पानाची मांडणी ठरवायची पद्धत, त्यात तक्ता उभ्या रेघांनी आखतात. त्या रेघा हाताने मारत बसायचं, की तक्ता जसा दिसणार तसाच समोर मांडून देणारा एडिटर घ्यायचा? मी सांगते, तक्ता एडिटरमध्येच करा. पण खालचा कच्चा मजकूर एकदा उघडून बघितल्याशिवाय फाइल बंद करू नका.

माझ्या तक्त्यात तीन रकाने आहेत. सुरुवातीला सगळं हातानेच लिहायचे:

| ओवी | सांगणारी | गाव |
|---|---|---|

डॅशची ही दुसरी ओळ नसेल, किंवा तिच्यात वरच्यापेक्षा एक रकाना कमी पडला, तर तक्ता होतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. ही चूक निदान लगेच कळते. माझी चूक कळायला कित्येक महिने गेले.

ओवीच्या मध्ये एक दंड आणि शेवटी दोन दंड द्यायची आपली रीत. घाईत मी दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ मारत गेले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मार्कडाउनला मात्र ती रेघ म्हणजे नवा रकाना. आत्यानं सांगितलेल्या ओवीचा पूर्वार्ध पहिल्या रकान्यात राहिला, उत्तरार्ध ‘सांगणारी’खाली गेला, ‘गाव’ कोरं पडलं. आणि शीर्षकात रकाने तीनच असल्यामुळे पुढचं सगळं पानावर उमटलंच नाही. गिटहब या संकेतस्थळाच्या मार्कडाउन नियमात हे स्पष्ट आहे: ओळीत खण, म्हणजे तक्त्यातली घरं, जास्त झाली की जादा खण सोडून द्यायचे. चुकीची सूचनाही येत नाही. ओवी होती, पण ती सांगणाऱ्या आत्याचं नाव आणि तिचं गाव पानावरून गेलं होतं. फाइलमध्ये होतं म्हणून वाचलं. मी छापील प्रत काढून तीच जपून ठेवली असती तर? अशा संग्रहात सांगणारीचं नाव ओवीइतकंच मोलाचं असतं, म्हणून हे मला फार लागलं.

तेव्हापासून एडिटर. टायपोरात कंट्रोल-टी दाबलं की किती ओळी, किती रकाने ते विचारतो आणि तक्ता समोर येतो. ऑब्सिडियनमध्येही आता तक्त्यात थेट टाइप करता येतं, रकाना धरून इकडचा तिकडे नेता येतो. टायपोरा विकत घ्यावा लागतो, ऑब्सिडियन फुकट आहे. कोणताही घ्या, पण आधी एक परीक्षा करा. एका खणात उभी रेघ टाइप करा आणि कच्चा मजकूर उघडा. रेघेच्या आधी एडिटरनं स्वतःहून उलटी तिरकी रेघ लावली असेल, तर तुमचा मजकूर फुटणार नाही. ओव्या-अभंगांसाठी मात्र खरा देवनागरी दंडच वापरा. तो वेगळं चिन्ह आहे, त्यानं रकाना तुटत नाही.

दुसरी तक्रार हमखास येते: ‘मराठी तक्त्याच्या रेघा कच्च्या मजकुरात एकाखाली एक येत नाहीत.’ येणार नाहीतच. ‘गाव’ आणि ‘आत्या’ दोन्ही आपल्याला दोन अक्षरी. संगणक ‘गाव’मध्ये 3 चिन्हं मोजतो आणि ‘आत्या’मध्ये 5, कारण काना आणि हलन्त त्याच्या लेखी वेगळे. बरेच एडिटर त्या मोजणीवर मोकळ्या जागा भरतात, म्हणून रेघा वाकड्या दिसतात. पानावर तक्ता सरळच उमटतो. स्पेस देऊन त्या रेघा जुळवण्यात वेळ घालवू नका. मजकूर डावीकडे, मध्ये की उजवीकडे हवा, ते डॅशच्या ओळीतल्या अपूर्णविरामावर (:) ठरतं: दोन्ही टोकांना दिला की मध्ये, नुसता उजवीकडे दिला की उजवीकडे.

एडिटर बदलला की तक्ता थोडा वेगळा वागतो, त्यालाही कारण आहे. जॉन ग्रूबरनं 2004 साली मार्कडाउन आणलं तेव्हा त्यात तक्ता नव्हताच, तो नंतर इतरांनी जोडला. म्हणून प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. शेजारचे खण एकत्र जोडायची सोय मात्र साध्या उभ्या रेघांच्या तक्त्यात नाही. एकाच गावच्या चार ओव्या असल्या तरी गावाचं नाव चारदा लिहावं लागतं. मला ते बरंच वाटतं. उद्या ओळी गावावार लावल्या तरी कुठली ओवी कुठली, हे हरवत नाही.

आत्याच्या ओळीत मी खरे दंड घातले, प्रिव्ह्यू पुन्हा उघडला. तिसऱ्या रकान्यात तिचं गाव आलं होतं. मग पहिल्या ओळीपासून सगळा तक्ता तपासला. अशा आणखी सहा जणी सापडल्या.