ईझडेल: पाटीच्या दगडाच्या बेटावर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ईझडेल बेटावर जायचं तर सगळा दिवस बसच्या वेळेभोवती बसवावा लागतो. ग्लासगो ते ओबन रेल्वेने तीनेक तास, ते सोपं. खरी गोम ओबनच्या पुढे. तिथून बेटाकडची बोट जिथे मिळते त्या एलनबीख खेड्यापर्यंत सुमारे 25 किलोमीटर, पण बस मोजक्याच. म्हणून आम्ही आदल्या रात्री ओबनला मुक्काम केला, परतीची बस आधी ठरवली आणि मग जायची. सोबत आत्या होती. पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) जुन्या खाणी बघायला एवढ्या लांब कशाला, हे तिला शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

एलनबीख आहे सील नावाच्या बेटावर. बस तिथे शिरते ती 1790 च्या दशकात बांधलेल्या एका उंच, एककमानी दगडी पुलावरून. लोक त्याला ‘अटलांटिकवरचा पूल’ म्हणतात. खाली पाहिलं तर आपल्याकडच्या चिंचोळ्या खाडीएवढं पाणी. नावात मात्र अख्खा महासागर!

एलनबीखला धक्क्याजवळच्या शेडमध्ये दोन बटणं आहेत: दिवसा भोंगा वाजवायला एक आणि अंधारात दिवा लावायला दुसरं. आम्ही भोंगा वाजवला. समोरच्या बेटावरून छोटी लाँच आली. मोजून काही माणसं बसतील एवढीच.

“अगं, ही हलते किती!” आत्या म्हणाली.

“तू मध्ये बस आणि कडेला धर. बसेपर्यंत पोचू.”

तसंच झालं. पाचएक मिनिटांत पलीकडे.

बेटावर मोटार नाही, रस्ताही नाही. धक्क्यावर एकचाकी हातगाड्या ओळीने उभ्या होत्या, त्यांच्यावर घरांचे नंबर. किराणा असो, सिलिंडर असो, बोटीतून उतरवायचं आणि हातगाडीत घालून घरी ढकलत न्यायचं. वस्ती साठेक माणसांची. खाणी जोरात होत्या तेव्हा इथेच पाचशेच्या आसपास लोक राहायचे. कामगारांच्या त्या बुटक्या, पांढऱ्या चाळवजा घरांत आज कोणी सुट्टीला येतं, कोणी बारमाही राहतं.

माझं स्पष्ट मत: आधी संग्रहालय, मग फेरफटका. उलट केलंत तर बुडालेल्या खाणींची निळी-हिरवी तळी बघून फोटो काढून परत याल, कळणार काहीच नाही. संग्रहालय लहान आहे आणि हंगामातच उघडं असतं, तेवढं बघून जा. आत खाणकामगारांचे जुने फोटो आणि अवजारं आहेत. एका फोटोपाशी मी बराच वेळ थांबले. रुंद पात्याची छिन्नी, लाकडी मोगरी आणि दगडाचा ठोकळा. धार नेमकी थरात बसली की दगड पातळ पत्र्यांत सुटतो, मग कडा तासून कौल तयार. हीच कौलं इथून जहाजांनी देशोदेशी गेली.

हे सगळं चालायचं समुद्राच्या पातळीच्या खाली. बेटावर सात खाणी होत्या आणि काहींचा तळ 300 फूट खोल गेला होता. समुद्र आणि खाण यांच्या मध्ये दगडाची भिंत राखायची, झिरपणारं पाणी पंपांनी उपसत राहायचं आणि खाली माणसं कामाला. नोव्हेंबर 1881 मधल्या एका वादळात समुद्र आत शिरला. एलनबीखची मोठी खाण बुडाली, बेटावरच्या खाणींतही पाणी भरलं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थोडंफार काम चालू राहिलं, पण पूर्वीचा जोर पुन्हा आला नाही.

मग फिरायला निघालो. आख्खं बेट रमतगमत तासाभरात होतं, पण बूट घट्ट तळाचे हवेत. पायाखाली माती कमीच, टाकाऊ दगडाच्या कपच्याच कपच्या. पाऊल पडलं की फुटक्या कपबश्यांसारखा खळखळाट. एक कपची उचलून उन्हात तिरकी धरली, तर काळ्याशार दगडात ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे चौकोन चमकले. लोह आणि गंधकाचं ते खनिज, पायराइट. आत्याने आधी ते सोनंच धरलं, मग नखाने खरवडून बघितलं, मग हळूच पर्समध्ये टाकायला लागली. मी डोळे मोठे केल्यावर परत ठेवलं.

खाणींच्या काठाला कठडे नाहीत. पाणी इतकं नितळ की कड कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. पश्चिमेकडची टेकडी जेमतेम 38 मीटर, पण वरून आजूबाजूची बेटं दिसतात, लुइंग आणि बेलनाहुआसुद्धा. तिथेही हाच दगड निघायचा. एवढ्याशा खडकांनी किती गावांची छपरं शाकारली असतील, याचा हिशेब मी मनातल्या मनात लावत होते, तोवर आत्या वाऱ्याला कंटाळून खाली निघालीसुद्धा.

त्यातल्याच एका बुडालेल्या खाणीत दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास पाण्यावरून दगडाच्या भाकऱ्या काढायची जागतिक स्पर्धा भरते. 1997 पासून ती भरत आली आहे, मधली कोविडची वर्षं सोडता. दगड बेटावरचाच, तीन इंचांहून मोठा नाही, टप्पे तर पडलेच पाहिजेत, पण निकाल लागतो अंतरावर. चपटा दगड तर पायापाशी ढिगाने! आत्या लहानपणी कृष्णाकाठी खेळलेली. तिचा पहिलाच दगड टप् टप् टप् करत लांब गेला. माझा सरळ तळाला. “मनगट फिरवायचं गं, खांदा नाही,” तिने ऐकवलं आणि पुढचा दगड शोधायला वाकली.

परतीची बोट बसच्या पाऊण तास आधीची धरा. वारा वाढला की लाँच थांबते, आणि बस बोटीसाठी थांबत नाही.