वेरूळची चौतीस आणि चौकटीतली चौतीस

आज वेरूळहून परतताना, दौलताबादचा घाट उतरत असताना, बरोबर आलेल्या आठवीतल्या मुलीने विचारले, "काका, लेणी चौतीसच का हो?" क्रमांक देणाऱ्यांनी तेवढ्यांना क्रमांक दिले म्हणून, यापलीकडे याला उत्तर नाही. त्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांपैकी क्रमांक दिलेल्या लेण्यांत १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. हिंदू लेणी १७, म्हणजे चौतीसच्या बरोबर निम्मी, यात कोणाला गूढ दिसत असेल तर दिसो. माझ्या लेखी तो निव्वळ योगायोग आहे.

चौतीस जिथे अटळ ठरते ती जागा वेगळी आहे. १ ते १६ या संख्यांची बेरीज १३६ होते आणि ती चार ओळींत सारखी वाटायची म्हटले की प्रत्येक ओळीच्या वाट्याला ३४ येतातच. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेल्या चौतिसा यंत्राच्या, म्हणजे याच सोळा संख्या चार बाय चार घरांत मांडलेल्या चौकटीच्या, ओळी अशा आहेत: ७, १२, १, १४; २, १३, ८, ११; १६, ३, १०, ५; ९, ६, १५, ४. आडव्या, उभ्या आणि कर्णावरच्या बेरजा तर ३४ येतातच, पण शेजारशेजारची कोणतीही चार घरे चौरसात घेतली तरी ३४ च येतात. ७, १२, २, १३ ही चारच घेऊन पाहावीत. त्याहून सुंदर गोष्ट अशी की कोणत्याही घरापासून तिरपे दोन घरे गेले की तिथल्या संख्येसह बेरीज १७ होते: ७ आणि १०, १२ आणि ५, १ आणि १६. वेरूळच्या सतराला कारण नाही, या सतराला आहे.

छंदशास्त्रातही चौतीस अशीच कारणासह येते. लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरून आठ मात्रांचा गट किती प्रकारे रचता येईल, तर लघूने संपणारे प्रकार सात मात्रांच्या रचनांइतके, म्हणजे २१, आणि गुरूने संपणारे सहा मात्रांच्या रचनांइतके, म्हणजे १३, मिळून ३४. मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाण्याचा हा नियम जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितला होता, इटालियन गणिती फिबोनाचीच्या आधी. आपण मात्र शाळेत फिबोनाचीचेच नाव शिकवतो, हे मला खटकते.

राहिला शेजाऱ्यांचा गुण. ३३ म्हणजे ३ × ११, ३४ म्हणजे २ × १७, ३५ म्हणजे ५ × ७. दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने होणाऱ्या तीन लागोपाठच्या संख्यांचे हे पहिलेच त्रिकूट. लागोपाठ चार मात्र कधीच मिळणार नाहीत, कारण त्यांतली एक ४ ने भागली जाणार, आणि ४ च्या पटींत असा गुणाकार खुद्द ४ चाच असतो, ज्याचे शेजारी ३ आणि ५ स्वतःच मूळ आहेत. शंभराच्या आत अशी आणखी दोनच त्रिकुटे आहेत: ८५, ८६, ८७ आणि ९३, ९४, ९५.