नाम्याचं लाजणं

रविवारी आईकडे जेवण झाल्यावर टीव्हीला यूट्यूब जोडून दिलं, म्हटलं कीर्तन लावू का, तर म्हणे 'ते रोजचंच आहे, दादा कोंडकेंचा पिक्चर लाव एखादा.' मग काय, 'सोंगाड्या' लावला. १९७१ चा, ब्लॅक अँड व्हाइट, प्रिंट अशी की हिरॉईन उषा चव्हाण मधेच धुक्यात जाते, पण आई सरसावून बसली.

स्टोरी म्हणजे नाम्या नावाचा भोळासांब पोरगा, आईच्या धाकात वाढलेला, बाईमाणूस समोर आलं की याची मान खाली. आई म्हणजे रत्नमाला, तिचा आवाज आला की आपण पण सोफ्यावर सरळ बसतो. हा गडी तमाशा बघायला जातो काय, तिथल्या कलावतीवर भाळतो काय, आई घराबाहेर काढते आणि शेवटी हाच बुजरा प्राणी तमाशाच्या फडात सोंगाड्या होऊन पब्लिकचा लाडका. आणि गंमत म्हणजे फेमस झाला तरी याचा चेहरा तोच, चोरी पकडल्यासारखा.

मला आता वाटतं की दादा कोंडकेंचा सगळा चावटपणा त्या चेहऱ्यावर उभा होता. लोक नुसतं 'डबल मीनिंग डबल मीनिंग' करतात पण तोच डायलॉग एखाद्या चिकण्या हिरोने डोळा मारून म्हटला असता तर बायका उठून गेल्या असत्या. दादा म्हणायचे ते असं की जणू यांना दुसरा अर्थ ठाऊकच नाही, ढगळी चड्डी, लोंबणारी नाडी, तोंडावर निव्वळ बावळट भाव, आणि समोरची बाईच धीट. म्हणजे घाण असलीच तर ती आपल्या डोक्यात, दादा नामानिराळे. सेन्सॉरने तरी कापायचं काय, शब्द तर सरळ असायचा!

हे टायमिंग काही आभाळातून पडलं नव्हतं. नायगावच्या गिरणगावातला माणूस, सेवा दलात कलापथक केलेलं, मग वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे शेकडो प्रयोग, समोरच्या पब्लिकला कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं ते रोज रात्री शिकलेले. 'सोंगाड्या'पण सबनिसांनीच लिहिलेला. तरी दादरच्या कोहिनूरवाल्याने तो काढून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं, मग बाळासाहेब मधे पडले, शिवसैनिक उतरले आणि नाम्या थिएटरात आला. म्हणजे पडद्यावरच्यासारखंच झालं, आधी दारातून हाकलला आणि मग बघतो तर गर्दी. पुढे ओळीने नऊ सिल्व्हर ज्युबिली, गिनीज बुकात नाव.

पण खरं सांगू का, नंतरच्या पिक्चरांत मला ती मजा येत नाही. टायटलच एवढी चावट व्हायला लागली की आत लाजायला काही उरलंच नाही, आणि दादांचं वयही झालं होतं, पन्नाशीचा माणूस बुजरा पोरगा म्हणून किती खपणार. आईला हे पटत नाही, ती म्हणते तू फार शहाणा.

आमच्या आजीचं आठवतं. लहानपणी केबलवर दादांचा पिक्चर लागला की बाबा रिमोट शोधायला लागायचे आणि आजी तोंडात पदर कोंबून हलत असायची, आवाज नाही, नुसते खांदे. बाबांनी चॅनल बदललं की लगेच 'र्‍हाऊ दे की रं, तमाशातली गाणी ऐकतीय म्या.' गाणी संपून पाऊण तास झालेला असायचा.

रविवारी आईचेही खांदे तसेच हलत होते. आठ वर्षांचा भाचा तिच्याकडे बघतोय, टीव्हीकडे बघतोय, शेवटी न राहवून विचारलंच, 'आजी, तो फक्त असं म्हणाला ना, त्यात हसायला काय?'

आईने डोळे पुसले, माझ्याकडे बघितलंच नाही.

'जा रे, टाकी भरली का बघ, मोटर बंद कर.'

मोटर दुपारी लावतच नाहीत आमच्याकडे.