म्हस पान्हा सोडंना

फोन आला तेव्हा मी लाळ-खुरकूतच्या लसीकरणात अडकलो होतो. म्हणजे एकीकडे लसीची बर्फपेटी, एकीकडे कानात बिल्ला मारायचा चिमटा आणि खिशात मोबाईल, ज्यात प्रत्येक जनावराचा बारा आकडी नंबर भरायचा. जनावर शिंग उगारतंय, मालक म्हणतोय बिल्ल्यानं कान सडतो, आणि मोबाईल म्हणतोय नेटवर्क नाही. बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर सुया टोचतो. खरं तर आम्ही दिवसभर आकडे भरतो, मधेमधे सुया टोचतो.

"डाक्टर, म्हस पान्हा सोडंना. येताना ती सुई घिऊन या."

कुठली सुई ते सांगावं लागत नाही. आमच्या कोल्हापूरजवळच्या करवीर भागात बिनलेबलाच्या बाटलीतून ऑक्सिटोसिन, म्हणजे दूध उतरवणारं औषध, विकणारे 'डॉक्टर' माझ्याआधी गोठ्यात पोचलेले असतात. दूध जास्त निघावं म्हणून जनावराला अपाय होईल अशी सुई रोज टोचणं १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, हे मी दर ग्रामसभेत सांगतो. लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात.

म्हैस तिसऱ्या वेताची पंढरपुरी, शिंगं मागे पार खांद्याला टेकलेली. वेलेली अडीच महिन्यांपूर्वी. रेडकू आठवड्यातच गेलेलं. वेळेला साडेतीन-चार लिटर देणारी, ती तांब्याभरावर आली होती. ताप नाही, दगडी (कासेची सूज) नाही, रवंथ व्यवस्थित. कास दाबली की गच्च. दूध होतं. ती देत नव्हती.

धार काढणारे आजोबा नऊ दिवसांपूर्वी गेले होते. आता सून काढत होती.

इथं जरा थांबतो, कारण हे शेतकऱ्यांनाही कुणी नीट सांगत नाही. म्हशीच्या सडात आणि त्याच्या लगतच्या पोकळीत दूध अगदी थोडं असतं, पाचेक टक्के. बाकी सगळं वर, ग्रंथींत. मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटलं की त्या ग्रंथी आवळतात आणि दूध खाली उतरतं, तोच पान्हा. गाईपेक्षा म्हशीला त्याला वेळ लागतो, आणि सुटलेलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांत विरून जातं. त्यात ती बुजली, तर भीतीचं संप्रेरक त्याला कासेपर्यंत पोचूच देत नाही. शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त, त्यामुळे अडलेल्या दुधानं आधी फॅट पडतं. डेअरीच्या पावतीवर सात पूर्णांकाचं पाच झालं होतं. सुनेला वाटत होतं, मापात गडबड आहे.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही पहिल्या दिवशी मी सुईच दिली. कास तटतटली होती, दूध साचून दगडी झाली असती, असं कारण माझ्याकडे आहे, आणि ते खोटं नाही. पण गाडीत अजून सहा गावांची लस होती, हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा सुई. तिसऱ्या दिवशी मात्र मी गोठ्यात पालथ्या बादलीवर बसलो.

आजोबांचे कपडे घालून बघा, असं सांगणार होतो. जुनी युक्ती आहे ती. पण कपडे रक्षाविसर्जनालाच वाटेला लागले होते. राहिली होती फक्त खुंटीवरची शेणानं कडक झालेली बंडी. तिला कुणी कपड्यात धरलंच नव्हतं. सुनेनं ती अंगावर चढवली. म्हशीनं हुंगलं, कान हलवले. लिटरभर दूध. मग पुन्हा कोरडी.

"आजोबा धार काढायच्या आधी काय करायचे?" मी विचारलं.

सून म्हणाली, पाणी मारायचे कासेला. मुलगा म्हणाला, आंबोणाचा खुराक ठेवायचे. म्हातारी म्हणाली, "काय करत्यात? धार काढत्यात." पस्तीस वर्षं, रोज दोन वेळा, एका गोठ्यात, घरापासून दहा पावलांवर. त्यापलीकडे कुणाला काही सांगता येईना.

दुसरीतला नातू दारातनं म्हणाला, "आजा आदी बिडी वढायचा."

म्हातारीनं मान वर केली. "बिडी? आठ वर्सं झाली सोडून. माझ्या गळ्याची आन घितलीती."

"अर्धीच वढायचा. मग हिला हितं खाजवायचा," नातवानं आपल्या कानामागं बोट लावलं, "मग इझवून त्या भोकात ठिवायचा."

भिंतीतल्या कोनाड्यात, आंबोणाच्या पाटीमागं बंडल होतं. आत एक अर्धी विझवलेली.

गोठ्यात कुणी बोलेना. मला हसूही येत होतं आणि हसायची सोय नव्हती. म्हातारीनं ती अर्धी बिडी बराच वेळ बोटांत धरली. मग चुलीतनं निखारा आणला, ती पेटवली, आणि उदबत्ती खोचावी तशी भिंतीच्या फटीत खोचली. सुनेला म्हणाली, "खाजीव."

चार लिटरला पाव लिटर कमी.

तेव्हापासून मी हे डोक्यात घोळवतोय. धुरानं झालं? बंडीनं? आदल्या दिवशीच्या सुईचा असर इतका टिकत नाही. की तिसऱ्या दिवशी सुनेचा हात थरथरायचा थांबला होता? तपासायचं तर बिडी बंद करून बघायला हवी, आणि ते मी त्या घरात सांगणार नाही. तालुक्याच्या मीटिंगला सांगितलं तर सगळे खो-खो हसले. एकानं विचारलं, कुठल्या ब्रँडची? मासिक अहवालात उपचार, कृत्रिम रेतन, खच्चीकरण, लसीकरण असे रकाने आहेत. मी 'उपचार' मध्ये दोन सुया लिहिल्या. तिसऱ्या दिवसाची नोंदच नाही.

परवा त्याच वाटेनं जाताना गाडी थांबवली. पहाटेची धार चालू होती. सून बंडी घालून बसलेली, म्हातारी उंबऱ्यावर. फटीत बिडी धुमसत होती. निम्म्यावर आली तशी म्हातारी उठली, भिंतीला घासून ती विझवली आणि कोनाड्यात ठेवली.

"रायलेली सांच्याला," ती म्हणाली. "त्याचं अर्ध्यावरच भागायचं."