क्लास फाइलमधला आठवा बाइट

आज बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचे काम, का अडला हे सांगताना कंपायलरने कसलाही आडपडदा ठेवला नाही: क्लास फाइलची (जावा कोड कंपाइल झाल्यावर बनणाऱ्या फाइलची) आवृत्ती ६१.० आहे, ती ५५.० असायला हवी. आमची सर्व्हिस अजून जावा ११ वर आहे आणि तिला लागणाऱ्या एका सामायिक लायब्ररीची नवी आवृत्ती जेडीके १७ वर, म्हणजे जावा १७ च्या विकाससाधनांच्या संचावर, तयार झाली आहे. जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की क्लास फाइलचा आकडा येतो. म्हणून ८ ला ५२, ११ ला ५५, १७ ला ६१.

खात्री करून घ्यावी म्हणून त्या लायब्ररीतली एक क्लास फाइल हेक्स एडिटरमध्ये (बाइट षोडशमान पद्धतीत दाखवणाऱ्या साधनात) उघडली. पहिले चार बाइट म्हणजे प्रत्येक क्लास फाइलची खूण, 'कॅफेबेब'. पुढचे दोन उपआवृत्तीचे, इथे शून्य. त्यानंतरच्या दोन बाइटांत मुख्य आवृत्ती. आठव्या बाइटवर '३डी' होते, म्हणजे दशमान पद्धतीत ६१. सहकाऱ्यांच्या मशीनवर हाच कोड विनातक्रार बिल्ड होतो, कारण तिथे जेडीके १७ आहे आणि नवे जेडीके जुन्या क्लास फाइल वाचते. उलट दिशेने ही सोय नाही, आणि ती नसावी हेच मला योग्य वाटते.

लगेच पुढे आलेला तोडगा असा की लायब्ररीच्या पॉम फाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचना असलेल्या फाइलमध्ये, सोर्स (कोड कोणत्या आवृत्तीचा) आणि टार्गेट (क्लास फाइल कोणत्या आवृत्तीसाठी) ११ करावे. तसे केल्यावर आठव्या बाइटवर खरोखरच ५५ येते; पण कोड जावाच्या ज्या प्रमाणित लायब्ररीशी ताडून पाहिला जातो ती जेडीके १७ चीच राहते. स्ट्रीममधल्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या, घटकांची यादी करून देणारी 'टूलिस्ट' ही मेथड (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) जावा १६ मध्ये आली. टार्गेट ११ ठेवूनही जेडीके १७ ती खुशाल स्वीकारते, फारतर सिस्टम मॉड्यूलचा मार्ग दिलेला नाही अशी एक सूचना छापते, जिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मग ती ओळ जावा ११ वर प्रत्यक्ष चालण्याची वेळ येते तेव्हा 'नोसचमेथडएरर' (अशी मेथडच नाही, ही चूक) येतो, आणि ती वेळ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही.

याहून अवघड प्रकार बाइट साठवणाऱ्या 'बाइटबफर' या जावाच्या क्लासचा, कारण तिथे सोर्स कोडमध्ये नवे असे काहीच नसते. जावा ८ पर्यंत त्याची 'फ्लिप' मेथड वरच्या 'बफर' क्लासकडून आलेली होती आणि 'बफर'च परत देत असे. जावा ९ पासून ती 'बाइटबफर' परत देते. मेथडच्या परतीचा प्रकारही क्लास फाइलमध्ये नोंदला जात असल्याने, वर्षानुवर्षे न बदललेली ओळ नव्या जेडीकेवर टार्गेट ८ देऊन कंपाइल केली तरी जावा ८ वर ती मेथड सापडत नाही. ज्याने कोडला हातही लावलेला नाही त्याने हा दोष शोधायचा तरी कुठे? म्हणूनच ६१ सांगून अडणारा बिल्ड मला ५५ चा शिक्का मारून पुढे जाणाऱ्या बिल्डपेक्षा कितीतरी विश्वासार्ह वाटतो.

२०१७ मध्ये जावा ९ बरोबर आलेला 'रिलीज' हा पर्याय नेमका यासाठीच आहे: तो आकडाही बदलतो आणि त्या आवृत्तीत खरोखर उपलब्ध असलेल्या मेथडशीच कोड ताडतो. गो भाषेने १.२१ पासून मॉड्यूल फाइलमधली आवृत्तीची ओळ बंधनकारक केली, त्यामागचा विचारही मला याच जातीचा वाटतो. कोणती आवृत्ती हवी हे कोडच्या शेजारीच लिहिलेले असले पाहिजे. ते एखाद्याच्या मशीनवर किंवा स्मरणात राहून भागत नाही.

शेवटी लायब्ररीत 'रिलीज' ११ लिहिले. कंपायलरने ताबडतोब 'टूलिस्ट'ची एक ओळ दाखवली. तिच्या जागी जावाच्याच 'कलेक्टर्स' क्लासमधली साधी 'टूलिस्ट' घालणे सोपे होते, पण तिच्यातून येणारी यादी बदलता येणार नाही अशी हमी मिळत नाही आणि मूळ कोडला ती हमी होती. म्हणून जावा १० पासूनची 'टूअनमॉडिफायेबललिस्ट' वापरली. तिला नल, म्हणजे 'इथे काहीच नाही' असे दाखवणारी किंमत, चालत नाही, स्ट्रीमच्या 'टूलिस्ट'ला चालतो. या यादीत नल येण्याची वाट कुठे उरली आहे का, हे उद्या ती मेथड जिथून जिथून बोलावली जाते तिथे जाऊन पाहायचे आहे. तोवर लायब्ररीची नवी आवृत्ती प्रसिद्ध करणार नाही.