तिथ कुठची होती?

"तिथ कुठची होती गो?"

आजीने फोनवर हे विचारलं तेव्हा मी इंग्लंडमधल्या मोरकॅमच्या समुद्राकाठी बाकावर बसले होते. नाक गार पडलेलं, हातात कागदाच्या पुडीतले बटाट्याचे तळलेले तुकडे. तिला नुकतीच इथली एक जुनी घटना सांगितली होती. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री या समोरच्या उपसागरात शिंपल्या गोळा करणारे किमान 21 चिनी मजूर बुडून मेले. मला वाटलं, ती हळहळेल. तिने तिथी विचारली.

मोबाईलवर शोधलं. 6 फेब्रुवारीला पौर्णिमा होती, माघी.

"म्हणजे आदल्या दिवशी चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला पाणी भरतंय आणि ती पोरं काळोखात आत काय करत होती? कोणी सांगितलं नाही त्यांना?"

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी थोडं सांगते. आमच्या पूर्णगडच्या खाडीवर भरतीची वेळ घड्याळावरून नाही, तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता पुरी होईल ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या लहान शिंपल्या, काढायला जाणाऱ्या बायका हे गणित कमरेला बांधूनच सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरतात. मी पंचवीस वर्षांची झाले, दोन पदव्या घेतल्या, पण त्या तारखेची तिथी बघावी हे मला सुचलं नव्हतं.

मी शिकते लँकेस्टरला. तिथून मोरकॅम बसने जवळच. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र गेला कुठे असं वाटावं. तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त वाळू आणि चिखल उघडा पडतो, पलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर. आमच्याकडे उधाणाला पाणी पुरुषभर, फार तर दीड पुरुष चढतं. इथे मोठ्या उधाणाला दहा मीटर. आणि ते समोरून सरळ लाटांनी येत नाही, आधी पाठीमागचे चर भरतात. माणूस पुढे बघत राहतो आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. वाळूतून रस्ता दाखवायला इथे सरकारी वाटाड्या नेमायची पद्धत सोळाव्या शतकापासून आहे. सेड्रिक रॉबिन्सन नावाच्या माणसाने 1963 पासून 2019 पर्यंत हे काम केलं. छप्पन्न वर्षं वाळू वाचणारा माणूस!

त्या चिनी मजुरांना वाटाड्या नव्हता. बरेचसे फूजियान प्रांतातले. फूजियानला मोठा समुद्रकिनारा आहे, म्हणजे समुद्र त्यांना अगदीच परका नसावा, पण हा समुद्र परका होता. एजंटचं कर्ज काढून आलेले, कागदपत्रं नसलेले. ज्या शिंपल्या ते काढत होते त्यांना इथे कॉकल म्हणतात. आपल्या तिसऱ्यांची थोराड चुलत बहीण समजा, अंगभर उभ्या रेघा असलेली. लाकडी फळी वाळूवर डोलवायची, कॉकल वर येतात, ते ओढून पिशवीत भरायचे. पंचवीस किलोला त्यांना पाच पौंड मिळत. स्थानिक दर याहून बराच जास्त होता.

त्या दिवशी परत निघालेल्या स्थानिक लोकांनी त्यांना सावध करायचा प्रयत्न केला होता. भाषा येत नाही, म्हणून त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. वेळ झाली, चला. ते पुरेसं ठरलं नाही. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास पाण्याने घेरलं. त्यांना कामाला लावणाऱ्या मुकादमाला 2006 मध्ये सदोष मनुष्यवध आणि इतर गुन्ह्यांसाठी एकूण 14 वर्षांची शिक्षा झाली. त्या आधीच, 2004 च्या जुलैमध्ये, इथल्या संसदेने मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. शेती, शिंपल्या गोळा करणं आणि त्या मालाची पॅकिंग, या कामांना मजूर पुरवायचे तर परवाना हवा. विनापरवाना माणसाकडून मजूर घेणाराही गुन्हेगार.

हे सगळं मला कळलं ते विद्यापीठातल्या मुलांमुळे. आमचा वीस-पंचवीस जणांचा गट आहे, स्थलांतरित कामगारांच्या हक्कांबद्दल काम करणारा. काम म्हटलं की मोर्चे आणि घोषणा डोळ्यांपुढे येतील, पण आमचा बहुतेक वेळ खिशात मावेल एवढं एक कार्ड बनवण्यात जातो. त्यावर चार-पाच ओळी: पासपोर्ट तुमचा आहे, मालकाला ठेवून घेता येत नाही. किमान वेतन इतकं. पगाराची पावती मागा. अडचण आली तर हा फोन. हेच नेपाळी, इंडोनेशियन, रशियन, हिंदी, मल्याळममध्ये. कारण इथे स्ट्रॉबेरी आणि सफरचंदं तोडायला सहा महिन्यांच्या व्हिसावर जी माणसं येतात ती आता नेपाळ, इंडोनेशिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान अशा ठिकाणांहून येतात. वृद्धाश्रमांत काम करायला आलेले आपले लोकही खूप, केरळचे विशेष. त्यांचा व्हिसा मालकाशी बांधलेला. मालकाचा परवाना गेला की नवा मालक शोधायला साधारण 60 दिवस. चूक मालकाची, घड्याळ कामगाराच्या डोक्यावर.

पहिल्यांदा स्टॉल लावला तेव्हा आम्ही सोबत समोसे ठेवले. समोसे अर्ध्या तासात संपले, कार्डं तशीच राहिली. दुसऱ्या वेळी नायजेरियाच्या एका मैत्रिणीने समोसा कार्डात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. तेलाचे डाग पडले, पण कार्ड गेलं.

आता लाजेची गोष्ट. दिवसा मी त्या स्टॉलवर उभी राहून ताशी 12.21 पौंड, हे तेव्हाचं किमान वेतन, असं ओरडत होते, आणि संध्याकाळी एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात ताशी सात पौंडांनी कांदे चिरत होते. रोख, पावतीविना. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. मालक म्हणायचा, "वीस लिहू, तीस कर." मालक आपलाच, भारतीय. गणपतीत मोदक पाठवणारा. मला स्थलांतरित कामगार हा शब्द माझ्यासाठी कधी लागूच वाटला नव्हता. मी 'स्टुडंट' होते ना! गटातल्या एकीने हिशेब करून दाखवला तेव्हा मी मालकाशी बोलले. तो दुखावला. "घरच्यासारखं वागवलं, आणि तू कायदा काढतेस?" पुढच्या आठवड्यापासून माझ्या पाळ्या कमी झाल्या, मग बंदच. आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावते. पुस्तकांना वास येत नाही एवढंच वाईट.

'घरच्यासारखं' हा शब्द मात्र मनात रुतून बसला, कारण तो मी आधी ऐकला होता. आमच्याच पडवीत.

आमची आंब्याची बाग आहे. फार मोठी नाही, सत्तरेक कलमं. दिवाळीनंतर नेपाळहून एक जोडपं येतं, बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतं. फवारणी, राखण, वानरं हाकणं, काढणी, पेट्या भरणं, सगळं तेच. जूनच्या तोंडावर परत जातात. रत्नागिरी-देवगडकडे हे घरोघरी आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात जा, बोटींवरचे खलाशीही कितीतरी नेपाळी. ज्या देशाला समुद्रच नाही तिथली पोरं आमच्या समुद्रावर जाळी ओढतात. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना भारतात यायला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. ही सोय चांगलीच. पण कागद लागत नाही म्हणजे कागदावर ते नसतातही. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा एका राज्यातून ठेकेदाराने दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांचा विचार करून केलेला होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. ई-श्रमच्या, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी, नोंदणीला आधार लागतं, यांच्या खिशात नेपाळची 'नागरिकता'.

आम्ही कोकणातले तर पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाऊन जगलेले. माझे पणजोबा गिरणीत, आजोबा बोटीवर, मोठा मामा कुवेतला. मामाचा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला म्हणून आमच्या घरात तीन वर्षं रडारड होती. इथल्या एका सभेत मी ही गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या. खाली उतरले तर एका नेपाळी मुलाने साधंच विचारलं, "तुमच्या भागात नेपाळी आहेत ना खूप? त्यांचं कसं आहे?" मी म्हटलं, चांगलं आहे, घरच्यासारखं.

डिसेंबरमध्ये घरी गेले तेव्हा चुलतभावाला हे सांगितलं. तो रत्नागिरीत कॉलेजात आहे, एनएसएसमध्ये. त्यांना तसंही काहीतरी करायचंच होतं आणि झाडं लावून लावून कंटाळा आला होता. 18 डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन, 1990 साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार मंजूर केला म्हणून. त्याला ना ब्रिटनने मान्यता दिली आहे ना भारताने, म्हणजे माझी दोन्ही घरं त्यात सारखीच. मुलांनी कार्ड करायचं ठरवलं. माझ्या मनात इथल्यासारखं कार्ड होतं: वेतन, पावती, पासपोर्ट. एक मच्छीमाराची मुलगी म्हणाली, "ताई, पावती कोण देतंय? आधी तटरक्षक दलाचा नंबर टाका, 1554. आणि लाईफ जॅकेट मागा असं लिहा." मी गप्प बसले. ती बरोबर होती.

नेपाळीत काय लिहायचं यावर दोन दिवस गेले. देवनागरी एकच, तेवढ्यावर आम्हाला वाटलं होतं हिंदीत थोडं 'छ' घातलं की नेपाळी.

बंदरावर पहिल्या दिवशी सहा मुलं गेली. खलाशी कार्ड घेत होते, वाचत होते, खिशात ठेवत होते. तासाभराने एक बोटमालक आला. "मी यांना उचल देतो, जेवण देतो, कोणाचा बाप वारला तर रातोरात गाडीला बसवून देतो. मासळी मिळाली नाही तर माझं डिझेल तुमचं कॉलेज भरणार?" चुलतभाऊ घाबरला. मला त्या माणसाचा रागच आला नाही. तो खोटं बोलत नव्हता. उचल हाच तिथला करारनामा असतो: घेतली की हंगाम संपेपर्यंत बोट सोडता येत नाही, आणि हिशेब मालकाच्या वहीत. वही चांगल्या माणसाची असली तर काही बिघडत नाही. प्राचार्यांना फोन गेला. दुसऱ्या दिवशी मुलांना बंदराऐवजी किनारा सफाईला पाठवलं. मुलांनी कार्डं सोबत नेली आणि सफाई करता करता वाटली. हे मला फार आवडलं.

आमच्या घरात याहून अवघड गेलं. बाबा त्या जोडप्याचे पैसे हंगामाच्या शेवटी एकदम देतात. "महिन्याला दिले तर खर्च होतील त्याचे, जाताना गठ्ठा मिळतो." हे तो स्वतः म्हणतो का, असं मी विचारलं. बाबांनी पेपर वर केला. मामाच्या पासपोर्टबद्दल कुवेतची कंपनीही हेच म्हणायची, हरवेल म्हणून जपून ठेवतो. हे मी बोलले नाही, आई बोलली. जेवताना, भात वाढता वाढता, अगदी सहज.

तीन-चार दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कार्ड मागितलं आणि बागेत घेऊन गेले. मी मागून गेले. आमचा नेपाळी रखवालदार फवारणीचा पंप धुत होता. हात पुसून त्याने कार्ड घेतलं, सावकाश वाचलं आणि हसायला लागला. आम्ही 'मजदूरी' लिहिलं होतं. तो म्हणाला, आमच्यात ज्याला म्हणतात.

"कोणाला?" बाबा म्हणाले.

"ज्याला. पैसा, कामाचा. ज्याला."

बाबा थांबले. मराठी माणूस 'ज्याला'च्या पुढे 'त्याला' यायची वाट बघणारच. मग त्यांनी खिशातून पेन काढून दिलं. त्याने कार्डावरचा शब्द खोडला, वर नीट अक्षरात लिहिला आणि पेन परत करताना विचारलं, महिन्याचे महिन्याला दिले तर मुलीच्या शाळेला पाठवता येतील का. तिची फी दर महिन्याला असते.

परवा आईचा फोन होता. जानेवारीचे पैसे गेले. बाबा कुरकुरले, पण गेले. वही मात्र अजून बाबांच्याच कपाटात आहे आणि त्यावर आमचं परत एकदा वाजणार आहे, बहुतेक मे महिन्यात, पेट्यांच्या गडबडीत.

या 5 फेब्रुवारीला आम्ही गटातले काही जण बोल्टन-ले-सँड्सजवळच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे हात जोडल्यासारखा एक शिंपल्याचा पुतळा आहे, उपसागराकडे तोंड करून. वारा असा की मेणबत्ती पेटेना. नवीन कार्डाच्या मागच्या बाजूला यंदा आम्ही भरतीचं वेळापत्रक छापलं आहे. आजीला फोटो पाठवला. तिने तिथी लावून दोन वेळा तपासल्या आणि निरोप पाठवला की छपाई ठीक आहे, पण अक्षर मोठं करा, काळोखात दिसायला हवं.